डोलकाठीवरचा बावटा

राउंडअबाउटपाशी ऋतिकाने ब्रेक दाबला आणि माझ्या हातातली कॉफी मांडीवर आली. चूक तिची नव्हती. उजवीकडून एका प्लंबरची यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, येत होती, तिला वाट देणं भागच होतं. आमच्या पॉइंट कुक उपनगरात राउंडअबाउट इतके आहेत की एक म्हातारा गेली अकरा वर्षं त्यातल्या एकात गोल फिरतोय, बाहेर पडायची संधीच मिळत नाही, सून त्याला चालत्या गाडीत डबा देते, असं मी नव्या आलेल्या लोकांना सांगतो. काही जण माझ्याकडे बघून हसतात. काही जण त्याचं आडनाव विचारतात. मला दुसरे जास्त आवडतात. तर मी रुमालाने मांडी पुसत होतो आणि ऋतिका आरशात बघत म्हणाली, "आजोबा, तुझ्या टॉवेलवाल्या एपिसोडवर एका बाईचा मेसेज आलाय. शी सेज तिचे आजोबा उम्म-रीहचे होते. म्हणजे इट्स अ रियल प्लेस? मला वाटलं ते तू मेक अप केलंयस." मी म्हटलं, "पुढे बघ, सिग्नल आहे." सिग्नल नव्हता. पन्नास वर्षांत ते नाव माझ्याखेरीज दुसऱ्या कुणाच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं, आणि आता माझी नात इंडिकेटर देता देता ते सहज उच्चारत होती, फार्मसीच्या किंवा जिमच्या नावासारखं.

हे एपिसोडचं प्रकरण तिच्या युनीमुळे, म्हणजे युनिव्हर्सिटीमुळे, सुरू झालं. कुठल्याशा असाइनमेंटसाठी घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा आवाज रेकॉर्ड करायचा होता, आणि आमच्या घरात म्हातारं माणूस एकच शिल्लक होतं. तिला त्यात गंमत वाटली, तिने ते चालूच ठेवलं, खाली इंग्रजीत अक्षरं टाकून नेटवर चढवत. ऐकणारे दोनशे, त्यातले निम्मे आमच्याच नात्यातले. टॉवेलवाला एपिसोड तिसरा. टॉवेल म्हणजे माझा लाल चौकड्यांचा पंचा. मी हर्णैचा, चोविसाव्या वर्षी एका लहानशा जहाजावर सुकाणी होतो, म्हणजे चाकापाशी उभं राहून वरचा अधिकारी, मालमसाहेब, सांगेल तसं जहाज वळवणारा, आणि बंदर आलं की बावटे चढवणारा. परक्या बंदरात शिरताना त्या देशाचा बावटा डोलकाठीच्या उजव्या दोरीवर चढवायचा, हा समुद्रावरचा शिष्टाचार. कुणाच्या घरात शिरताना पायताण बाहेर काढावं, तसा. आम्ही कॅनरी बेटांवरून गोडं पाणी आणि पीठ भरून आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर नेत होतो, जिथे वाळवंट थेट समुद्रात उतरतं. तिथे उम्म-रीह. चाळीस घरं, एक दीपस्तंभ, वाळत घातलेले मासे आणि वारा. स्पेनवाल्यांचा मुलूख, पण ते गाशा गुंडाळत होते; उत्तरेचा शेजारी म्हणे माझा, दक्षिणेचा म्हणे माझा, आणि राहणारे म्हणत आमचा आम्हाला द्या. (आजही त्या मुलखाचा निकाल लागलेला नाही. नकाशात तिथे तुटक रेघ असते.) मग बावटा कुणाचा लावायचा? इथून माझी गोष्ट सुरू होते. कप्तानाला ठाऊक नाही, मार्कोनीसाहेबाला, म्हणजे बिनतारी यंत्रावर बसणाऱ्याला, ठाऊक नाही, तेव्हा मी कमरेचा पंचा सोडला आणि चढवला वर. अकरा दिवस तो त्या मुलखाचा राष्ट्रध्वज होता. लोकांनी त्याला सलामी ठोकली, एका म्हातारीने राष्ट्रगीत रचलं, त्यात दोन ओळी माझ्यावर होत्या, आणि मला परराष्ट्रमंत्री केलं. फक्त मंत्र्याला नेसायला पंचा उरला नव्हता. ही गोष्ट मी दापोलीच्या एस.टी. स्टँडवर सांगितली आहे, माझ्या मुलाच्या, यतिनच्या, मुंजीत, त्याच्या सिटिझनशिपच्या पार्टीत, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत माइकवरून. लोक मंत्र्याच्या वाक्याला हसतात. तिथे मी जरा थांबतो.

फार्मसीच्या पार्किंगमध्ये ऋतिकाने मेसेज वाचून दाखवला. बाईचं नाव घालिया, स्पेनमध्ये नर्स आहे. तिच्या एका मैत्रिणीने कुठूनतरी तो एपिसोड तिला पाठवला, कारण उम्म-रीह हा शब्द शोधला तर जगात तीनचार गोष्टी सापडतात आणि त्यातली एक मी आहे. तिचा आजोबा सालेक. मागच्या हिवाळ्यात निर्वासितांच्या छावणीत वारला. वस्तीतल्या होड्या तो चालवायचा आणि जहाजावरच्या एका हिंदी सुकाण्याशी त्याने एक खूण ठरवली होती. स्पेनवाले निघताना वस्तीतला रेडिओ घेऊन गेले होते. उत्तरेचं सैन्य कुठवर आलं ते कळायला त्यांच्याकडे दर बारा दिवसांनी येणाऱ्या या जहाजाखेरीज काही नव्हतं. जहाज आलं, खूण बघून सालेक म्हणाला, काही भीती नाही, राहा. दुसऱ्या दिवशी दुपारी सैन्य आलं. घालियाच्या आजीचा भाऊ, एकोणीस वर्षांचा, त्याला नेलं; तो परत आला नाही. बाकीचे नेसत्या वस्त्रांनिशी वाळवंटात निघाले. "अँड देन," ऋतिका वाचत होती, आवाज बारीक झाला होता, "पुढची पन्नास वर्षं तिचे आजोबा सगळ्यांना सांगत राहिले की सुकाण्याने बरोबर खूण दिली होती. मीच उलटी समजलो. जुना झेंडा म्हणजे निघा आणि झेंडा नाही म्हणजे राहा, असं ठरलं होतं, मी उलटं धरलं." आजी त्याच्याशी संसार करत राहिली, मुलं वाढवली, पण हो-नाहीपलीकडे बोलली नाही. त्याच्या कबरीवर अजून गेलेली नाही. सध्या ती घालियाकडे आहे, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. शेवटी लिहिलं होतं: माझी आजी म्हणते टॉवेल नव्हता, जुनाच झेंडा होता. टॉवेलबद्दल माझी तक्रार नाही, मला तो आवडला. मला एवढंच सांगा, माझ्या आजोबांनी खरंच उलटं समजून घेतलं होतं का?

"सो?" ऋतिका म्हणाली. मी म्हटलं, "माझ्या गोळ्या घेऊन ये आधी, सहा वाजता बंद होतं." ती गेली आणि मी गाडीत बसून राहिलो. समोर एक बाई ट्रॉलीतून सामान काढून डिकीत ठेवत होती. दूध, टॉयलेट पेपर, एक कुंडी. कुंडी मात्र तिने पुढच्या सीटवर बेल्ट लावून बसवली. एरवी मी त्याची गोष्ट केली असती. त्या दिवशी ती फक्त कुंडी होती.

दोन दिवस मी टाळलं. टाळायला आमचं घर फार सोयीचं आहे. यतिन सकाळी साडेसहाला गाडी काढून विल्यम्स लँडिंगला ट्रेन पकडतो, सून शिवांगी लॅबच्या शिफ्टला, ऋतिका युनीला किंवा कामाला, आणि मग दिवसभर मी आणि जमिनीवर फिरून केर काढणारं ते गोल यंत्र, जे माझ्या पायाला धडकलं की माफी न मागता वळतं. त्याला मी वासंतीचं नाव ठेवलं होतं, ती गेल्याच्या पहिल्या वर्षी; शिवांगीला वाईट वाटलं म्हणून सोडलं. वासंती, माझी बायको, दोन वर्षांपूर्वी इथल्याच हॉस्पिटलात गेली. ती असताना घरात गोष्टींना गिऱ्हाईक होतं असं नाही, तिला सगळ्या पाठ होत्या, पण ती भाजी चिरता चिरता माझ्याआधी अर्धं वाक्य पुढे असायची आणि तिथे जाऊन माझी वाट बघायची. आता मी वाक्य सुरू करतो आणि पुढे कुणी नसतं. मी चालत खाडीच्या बाजूला जातो. तिथे बाकावर प्रल्हाद असतो, नागपूरचा, निवृत्त हेडमास्तर, मुलीकडे आलेला. समोर पोर्ट फिलिपचं पाणी, मासे नसल्यासारखं सपाट. लांबून जिलॉंगकडे जाणारी जहाजं दिसतात. प्रल्हाद प्रत्येक जहाजाला माझ्याकडे बघून म्हणतो, "काय सुकाणी, तुमचं का हे?" मी म्हणतो, "माझंच, रंगवायला दिलं होतं." त्या बुधवारी मी काही बोललो नाही. तो म्हणाला, "तब्येत बरी नाही का बाप्पा? तुमच्या तोंडून एक फेक आली नाही तर मला आंघोळ न केल्यासारखं होते." मी विचारलं, "प्रल्हादराव, मी तुम्हाला आजवर सांगितलेलं एक तरी खरं वाटलं का?" त्याने विचार केला. तो सज्जन माणूस आहे, उगाच हो म्हणत नाही. "तुम्ही हर्णैचे आहात, हे," तो म्हणाला. "ते मी धरून चाललो."

जहाज हळूहळू उजवीकडे गेलं. मला त्या पाण्यावर दुसरं पाणी दिसत होतं, हिरवट, फेसाळ, आणि सालेकची होडी. माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनी मोठा असेल. एक दात सोन्याचा, म्हणजे मी गोष्टीत सोन्याचा सांगतो. एक दात नव्हता. त्याला मोडकं इंग्रजी येत होतं, मला मोडकं इंग्रजी येत होतं, पण दोघांचं वेगवेगळ्या ठिकाणी मोडलेलं. खूण ठरवली तेव्हा आम्ही वाळूत बसलो होतो. त्याने काठीने जहाज काढलं, डोलकाठी काढली, तिच्यावर चौकोन काढला आणि हात जमिनीवर सपाट ठेवला: राहा. मग पायाने चौकोन पुसला आणि पूर्वेकडे, वाळवंटाकडे, हात हलवला: निघा. मग मला काठी दिली. मी तेच काढून दाखवलं, चौकोन, सपाट हात. पुसला, पूर्वेकडे हात. त्याने ते माझ्याकडून तीनदा करून घेतलं. असला चोख माणूस. त्याच्यात उलटं समजण्यासारखं काही नव्हतंच.

पंच्याची गोष्ट मी वासंतीला लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात सांगितली. त्या घरात आम्हाला दोघांना बोलायला काही नव्हतं, तिने मला कधी पाहिलेलं नव्हतं, आणि मला तिला हसवायचं होतं. ती हसली. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत. त्या हसण्यावर मी पुढे अठ्ठेचाळीस वर्षं काढली. पण चारपाच वर्षांनी, यतिन पोटात असताना, मी पाहुण्यांना तीच गोष्ट सांगून आत आलो तर ती कपड्यांच्या घड्या करत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, पंचा कुठला चढवलात हो? ट्रंक मीच उपसली होती. जाताना दोन नेले होते असं सासूबाई म्हणाल्या होत्या, आणि दोन्ही परत आले." मी म्हटलं, "तिसरा होता." ती म्हणाली, "असेल." आणि परत कधी विचारलं नाही. पाहुण्यांत मंत्र्याच्या वाक्याला ती पुढेही हसायची. पण तोंडाला पदर लावायची नाही. हे माझ्या लक्षात आलं होतं, आणि लक्षात आलं होतं हे तिच्या लक्षात आलं होतं. खलाशाच्या बायकोला नवरा वर्षातून दीड महिना मिळतो. तो तिने चौकशीत घालवला नाही. कधी कधी वाटतं, विचारलं असतं तर बरं झालं असतं. मग वाटतं, तिला मी काय सांगितलं असतं? चौथ्या पंच्याची गोष्ट.

गुरुवारी आर्व्होला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, ऋतिका लवकर आली, चहा केला, आणि फोन माझ्यासमोर साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. "आजोबा, मेसेजवर रीड दिसतंय तिला. इट्स रूड. तू बोल, मी खाली इंग्लिश टाकते आणि पाठवते." मी घसा साफ केला. मी म्हणालो, घालियाबाई, तो दिवस मला आठवतो, समुद्र असा खवळला होता की लाटा तीन मजली... ऋतिकाने थांबवलं नाही. पण माझ्याच कानाला ते लागलं. समुद्र खवळला नव्हता. मी म्हटलं पुसून टाक. पुन्हा सुरू केलं: कप्तान राक्षसासारखा माणूस, कमरेला पिस्तूल... पुसून टाक. कप्तान भला होता, गुडघेदुखीचा, मला बेटा म्हणायचा. तिसऱ्या वेळी मी दोरी अडकल्याचं सांगितलं, मी वर चढलो, वाऱ्याने मला बावट्यासकट... ऋतिका हसत होती, "नो नो, हे ठेव, दिस इज गोल्ड." चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला सरळ चार वाक्यं बोलता येईनात. तोंड उघडलं की जीभ आपली शिडी लावून वर चढायची. मला वाटलं, मी असाच मरणार, आणि मरतानाही लोक पुढच्या वाक्याची वाट बघत हसू तयार ठेवतील.

"फोन राहू दे," मी म्हटलं. "तुला सांगतो. तू लिही." आणि टेबलावरच्या शिवांगीच्या टेबलमॅटकडे बघत सांगितलं. त्याच्यावर लिंबांचं चित्र आहे, अकरा लिंबं. सालेकने बरोबर समजून घेतलं होतं. बावटा असला तर राहा, नसला तर निघा. त्या सकाळी मी चाकावर होतो, मार्कोनीसाहेब चहा घेऊन आला आणि म्हणाला, वरचं बंदर काल गेलं, सैन्य किनाऱ्याने खाली येतंय. कप्तानाच्या हातात एजंटचा कागद होता, त्यात जुन्याच, स्पेनच्या, बावट्याचं नाव होतं. तो म्हणाला, कागदावर आहे तो लाव. मी लावला.

"पण तुला माहीत होतं," ऋतिका म्हणाली.

"माहीत होतं."

"तू त्याला सांगू शकला नाहीस? लाइक, लांब होता तो?"

"होडी घेऊन जहाजाला लागला होता. तू आहेस तेवढा लांब. चार तास. पाण्याची पिंपं उतरवत होतो आम्ही. त्याने वर बावट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, हात असा सपाट केला. मी होकाराची मान हलवली."

 ती सावकाश म्हणाली, "ओके. हे सॅड व्हर्जन आहे का? कारण जर तू..." "याला व्हर्जन नाही," मी म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं, मी मंत्र्याच्या वाक्याआधी थांबतो तसा थांबलोय का हे तपासत असल्यासारखं. मी लिंबांकडेच बघत राहिलो. मग तिने पुन्हा विचारलं, आणि या वेळी तिचा आवाज यतिनसारखा होता, बिलातली चूक विचारतानाचा: "का?" याचं उत्तर माझ्याकडे कधीच नव्हतं म्हणून मी पंचा शोधला होता. तरी जेवढं होतं ते दिलं. ती सफर संपत आली होती. वैशाखात लग्न ठरलं होतं. माणसं पाणी टाकून पळाली असती तर कप्तानाने विचारलं असतं, यांना कुणी सांगितलं? खलाशाच्या पुस्तकात सफर संपताना वर्तणुकीचा शिक्का मारतात. तो वाईट पडला की पुढचं जहाज मिळत नाही. आणि वाटलं, सैन्य येईल किंवा येणारही नाही, मार्कोनीसाहेब चारदा चुकला होता. आणि वाटलं, बारा दिवसांनी परत येऊच. आम्ही परत गेलो नाही, जहाज दुसरीकडे वळवलं. शिक्का पडला. व्हेरी गुड.

"सो टॉवेल फेक आहे," ती म्हणाली. "ऑल ऑफ इट? राष्ट्रगीत पण?"

"सगळं."

तिने मान हलवली आणि लिहायला घेतलं. तिची बोटं फार भराभर चालतात, एरवी मला ते बघायला आवडतं. मधे एकदा थांबून विचारलं, "सॉरी म्हणायचंय?" मी म्हटलं, "आधी हे लिही की सालेक बरोबर होता. ते पहिलं लिही. एकटं, वेगळ्या ओळीत." तिने लिहिलं, मला वाचून दाखवलं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात लहान गोष्ट झाली होती ती, फोनच्या अर्ध्या पडद्यात मावली. पाठवली. मग ती उठून खिडकीपाशी गेली. माझ्याजवळ येऊन बसेल असं मला वाटलं होतं, किंवा खांद्यावर हात ठेवेल, इथली मुलं ठेवतात; पण ती पाठ करून बाहेर शेजाऱ्याच्या कुंपणाकडे बघत राहिली आणि मी तिच्या केसांतली ती निळी बट बघत राहिलो, जिच्याबद्दल मी सगळ्यांना सांगत असे की खाडीत पोहताना लागली. तिला मी काय विकत होतो आजवर, हे ती मनातल्या मनात एकेक करून उलटून बघत असेल. बघू दे. मला त्यातलं काही परत नको होतं. चहावर साय धरली. ते गोल यंत्र आपल्या वेळेला जागेवरून निघालं, टेबलाच्या पायाला लागलं, वळलं.

स्पेनमध्ये सकाळ होती. ऋतिकाचा फोन वाजला तेव्हा जेमतेम वीस मिनिटं झाली असतील. ऋतिकाने खिडकीपाशीच उभं राहून वाचलं, मग टेबलाशी येऊन बसली. "तिने आजीला वाचून दाखवलं," ती म्हणाली. "आजीने ते पुन्हा वाचायला लावलं म्हणे. मग तिने दोनदा त्यांचं नाव घेतलं. सालेक, सालेक. घालिया म्हणते मी हे नाव तिच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं." मी मान हलवली. "आणि एक क्वेश्चन आहे. आजीचा." तिने पडदा बोटाने वर सरकवला. "ती म्हणते, त्या सकाळी मी त्यांच्याबरोबर बोटीत तुमच्यासाठी मासा पाठवला होता. भाजलेला, भाकरीत गुंडाळून. फडक्यात बांधला होता. ती विचारतेय, तो खाल्लात का?"

हे मी ऋतिकाला सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं मी सगळं सांगितलं. सालेकने फडकं वर फेकलं होतं, मी झेललं होतं, गरम होतं ते अजून. तोंडाशी उत्तरं आली, नेहमीसारखी, एकमेकांना ढकलत: समुद्रपक्ष्याने नेला, कप्तानाच्या मांजराने, लाटेने, घशाखाली उतरला नाही, मी तो समुद्राला वाहिला. शेवटचं तर चांगलंच होतं, आजीला कदाचित बरंही वाटलं असतं. ऋतिका फोनवर अंगठे धरून थांबली होती. बावट्याच्या सावलीत, पिंपाला टेकून मी बसलो होतो, सालेक खालून बघत होता, आणि मला भूक लागली होती.

"सांग तिला," मी म्हटलं, "खाल्ला. चांगला झाला होता."